मानशीची फळी

शिवोलीच्या दवाखान्यात मिनेझिस बाईंनी
दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला
आणि वाण्याच्या हिशेबासारखे
दोन आकडे एकाखाली एक लिहिले :
एकशे अडुसष्ट. एकशे दोन.
मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
सगुणबाब, धंदा काय तुमचा?
मी म्हटलं, मीठ.

त्या हसल्या नाहीत. मीच हसलो.
आम्ही आगरवाड्याचे, आजोबांपासून मिठागर.
माझ्या टाचांच्या भेगांत मुरलंय
तेवढं एखाद्या घराला वर्षभर पुरेल,
आणि ह्या सांगतात, दिवसाला एक चमचा. चहाचा. सपाट.
त्यातच लोणचं, त्यातच खारा बांगडा,
त्यातच संध्याकाळची फरसाणाची पुडी.
आणि हुर्राक? मी विचारलं.
त्यांनी गोळीची चिठ्ठी हातात दिली
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिथं कळलं नाही ते येताना पुलावर कळलं.
खाली शापोरा चढत होती.
वरचा आकडा म्हणजे भरती, बांधावर धडकणारी.
खालचा म्हणजे सुकती,
पाणी उतरल्यावरही बांधाला जो भार सोसावा लागतो तो.
बांध काही एका रात्रीत फुटत नाही.
आधी एक खेकडा भोक पाडतो
आणि आपण म्हणतो, बघू,
शिगमा होऊन जाऊ दे.

शेवंतीनं मिठाची बरणी वरच्या फळीवर नेली.
चाळीस वर्षं पानात डावीकडे मीठ वाढलं तिनं,
आता तिथं लिंबाची फोड.
आठ दिवस हुमण नुसतं पाणी लागलं.
पेजेला तोंडी लावणं नाही म्हणून
मी पोरासारखा रुसलो, ताट सरकवलं.
ती बोलली नाही. तिरफळं ठेचली,
दोन आमसुलं जास्त टाकली.
महिन्याभरानं एका दुपारी
तांबड्या भाजीला भाजीचीच चव लागली.
साठी उलटल्यावर कळलं
की तिच्या देठांना मुळातच थोडी गोडी असते.

रोज अर्धा तास चाला, म्हणे.
बाई, जन्मभर आगरातच चाललो की!
पण खरं सांगायचं तर गेली पाच वर्षं
मी बांधावर खुर्ची टाकून बसतो.
मीठ ओढतात ते मजूर, मी नुसता ओरडतो.
ओरडून वजन उतरत नाही,
चढतं ते दुसरंच काही.

तर आता पहाटे चोपड्यापर्यंत.
पदेर भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून दोन पोया.
पहिल्याच आठवड्यात समोरून भिकू दिसला,
माझा धाकटा भाऊ.
मानशीच्या वाट्यावरून अकरा वर्षं बोललो नाही आम्ही.
त्याच्याही खिशात तीच गोळी, तीच बाई,
बापाकडून आलेलं तेवढंच बिनवादाचं.
तो वळला, माझ्या पुढे वीस पावलं.
मी अंतर राखलं.
केस कोर्टात चालते, आम्ही रस्त्यावर.
परवा कुत्रं भुंकलं तेव्हा तो थांबला,
मी जवळ येईपर्यंत.

हुर्राकचा मोसम आला. एकच ग्लास घेतला.
खोटं कशाला, दोन.
दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवरच्या आकड्याकडे
मी चोरासारखा बघितलं.

परवा एकशे छत्तीस, शहाऐंशी.
बाई म्हणाल्या, बरं आहे.
गोळी सोडू नका, आणि चालणंही.

काल रात्री भरतीला मानशीवर गेलो.
फळी चार बोटं उचलली,
पाणी आत आलं तेवढंच, लागतं तेवढंच.
बाजूला उद्याच्या गाडीचा ढीग, चांदण्यात पांढरा.
एक खडा उचलला. शेवंती नव्हती.
जिभेच्या टोकाला टेकवला फक्त.

आई गे.
इतकं खारट करतो आम्ही?